ओव्हनचं दार

४ मार्च, मंगळवार

जावयाला ऑफिसात फुकट मिळालेली ही डायरी दोन महिने टेबलावर धूळ खात पडली होती. आज उघडली, कारण घरात बोलायला कुणी नाही. आमची ही तिच्या बहिणीकडे गेली आहे. मेव्हणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला उठायला-बसायला माणूस लागतं. माझी काही तक्रार नाही. सख्खी बहीण आहे, जायलाच हवं.

फक्त सामानाचं नवल वाटलं. मोठी बॅग, हिवाळ्यातला कोट, छत्री, स्वतःची उशी, आणि वर खिडकीतली तिची कुंडी. म्हटलं, कुंडी कशाला? तर म्हणे, तुम्ही पाणी घालणार नाही. यावर बोलता येईना, कारण खरंच आहे ते. निघायचं चार दिवसांसाठी आणि बांधायचं अख्खं बिऱ्हाड, बायकांचं असंच असतं. टॅक्सीपर्यंत बॅग मीच नेऊन दिली. चांगलीच जड होती.

संध्याकाळी अंडी उकडली. एक फुटलं.

७ मार्च, शुक्रवार

आज दुकान जरा लवकर बंद करून मेव्हणीकडे जाऊन आलो. सफरचंदं नेली. दार मेव्हणीनेच उघडलं आणि चहा ठेवायला तुरुतुरु आत गेली. मला बरं वाटलं. गुडघा छानच बसलेला दिसतोय, म्हणजे ही लवकर सुटणार.

हिची कुंडी तिथल्या खिडकीत ठेवली आहे, नवी फूट आली आहे तिला. ही फार बोलली नाही. दुकान कसं चाललंय विचारलं, जेवता ना विचारलं. मी म्हटलं, जेवतो की, अगदी राजासारखा. ती म्हणाली, बरं. मग मेव्हणी मध्येच म्हणाली, 'भाऊजी, तिला जरा विश्रांती घेऊ द्या.' आता आजारी कोण आणि विश्रांती कुणाला, पण मेव्हणीचा स्वभाव पहिल्यापासून तिखट. मी चहा पिऊन निघालो.

९ मार्च, रविवार

रविवार खायला उठतो म्हणतात ते आज कळलं.

महिन्यातल्या एका रविवारी लेक आणि जावई जेवायला येतात आणि ही अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजते. तसं साधंच काम. मीठ, मिरपूड, लोणी, पोटात अर्धं लिंबू, खाली बटाटे. पण लेक म्हणते, हॉटेलातसुद्धा अशी चव नाही. आम्ही बाहेरच्या खोलीत बसतो. जावई नकला फक्कड करतो, त्याच्या साहेबाची तर विचारूच नका. ही आत, ओव्हनला पाठ लावून स्टुलावर. भाजून होईपर्यंत उठत नाही. तिला स्वयंपाकघरातच करमतं. मी जावयाला नेहमी म्हणतो, महाराणी सिंहासनावर आहेत, दरबार संपल्याशिवाय बाहेर यायच्या नाहीत. सगळे हसतात. मग आतून हिचा आवाज येतो, 'कशाला हसताय?' आम्ही म्हणतो, काही नाही गं, असंच. असल्या गोष्टी परत सांगायला गेलं की त्यातली मजा जाते.

तर आज भिंतीकडे बघत बसलो असताना डोक्यात आलं की या वेळचं चिकन मी करावं. तेवीस तारखेच्या रविवारी सगळ्यांना बोलवावं. हिला काही न करता टेबलाशी बसवावं. जेवण झालं की म्हणावं, चल आता, बॅग कधी आणायची? चांगली कल्पना आहे. ती नाही म्हणूच शकणार नाही.

लेकीला फोन केला.  ती म्हणाली, बाबा, तुम्ही आईशी बोललात का? म्हटलं, रोज बोलतो. तसं नाही हो, म्हणाली. मग म्हणाली, बरं, येतो आम्ही. या पोरीला हल्ली काय झालंय कोण जाणे, प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडते.

१० मार्च, सोमवार

ही येते म्हणाली.  मला तर दिवसभर शीळ घालावीशी वाटत होती. दुकानात एका बाईंच्या इस्त्रीच्या दुरुस्तीचे पैसेच घ्यायला विसरलो.

१३ मार्च, गुरुवार

रंगीत तालीम. साफ आपटलो.

चिकनवाल्याकडे गेलो तर तो विचारतो, ताई कुठे आहेत, बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत. म्हटलं, बहिणीकडे. आमच्याकडे कोणत्या मापाची कोंबडी जाते ते त्याला पाठ होतं, मला नव्हतं. घरी येऊन हिने फोनवर सांगितलेलं सगळं केलं. कोंबडी फडक्याने टिपून कोरडी केली, कातडीखाली बोटाने लोणी सारलं, तंगड्या दोऱ्याने बांधल्या. ओव्हन तापवला, ट्रे आत सरकवला, दार लावलं. दार पुढे कललं. पुन्हा लावलं, पुन्हा कललं. हाताने दाबून धरलं की बसतं, हात काढला की हळूच जीभ बाहेर काढतं. सगळी ऊब स्वयंपाकघरात. कोंबडी वरून पिवळी आणि मांडीपाशी लालभडक.

हिला फोन लावला. म्हटलं, अगं, दार राहत नाही. म्हणाली, स्टूल लावा. म्हटलं, लावलं, पण ते सरकतं.  ती म्हणाली, 'त्याच्यावर बसायचं असतं.'

मला हसू फुटलं. ती हसली नाही. मागे मेव्हणी काहीतरी बडबडत होती, म्हणून ठेवला फोन.

मेलं चिकन फेकून दिलं आणि पाव खाल्ला.

१५ मार्च, शनिवार

दुसरी कोंबडी आणली. या वेळी स्टूल दाराला टेकवून त्यावर बसलो, पाठ ओव्हनकडे. पहिली काही मिनिटं बरं वाटलं, कंबरेला शेक. मग पाठ भाजायला लागली. पुढे वाकलो तर वजन पुढे येतं आणि दार सुटतं. म्हणजे ताठच बसायचं. वर्तमानपत्र बाहेरच्या खोलीत राहिलं होतं. बाहेर फोन वाजला, तो घ्यायला उठलो, की धाडकन दार उघडलं. शर्ट घामाने चिंब. ही यात तासभर आणि वर कशी बसत असेल? बायकांची पाठच वेगळी असते बहुतेक.

आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, आपण ओव्हन दुरुस्त करणारा माणूस. लोक लांबून लांबून आपल्याकडे ओव्हन आणतात. बिजागरीची स्प्रिंग गेली आहे, दुसरं काय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी एकटाच मोठ्याने हसलो.

हिने कधीतरी सांगितलं असेलही. सांगितलं होतंच, बऱ्याचदा. पण दिवसभर तेच करून आल्यावर घरी कोण पेचकस हातात घेणार? उद्या बघू म्हणायचो आणि ते उद्यावर जायचं. शिवाय तिचं अडत नव्हतं, जेवण वेळेवर मिळतच होतं.

१६ मार्च, रविवार

फत्ते!

दुकानातल्या बरणीत जुन्या ओव्हनच्या काढलेल्या स्प्रिंगा असतात, त्यातली एक आणली. करंगळीएवढी. दोन स्क्रू काढले, जुनी स्प्रिंग काढली (तिचे दोन तुकडे होते, गंजून खाक), नवी अडकवली. चहा करून ठेवला होता तो गार व्हायच्या आत काम झालं. दार असं बसतं आता की बास. नुसतं सोडायचं, आपोआप खट्. उगाचच वीस वेळा उघडून लावलं.

हिला सांगणार नाही. तेवीसला तिचं तोंड बघायचंय मला. स्टूल माळ्यावर टाकून दिलं. सिंहासन खालसा.

२० मार्च, गुरुवार

आज पुन्हा केलं आणि जमलं. कातडी खरपूस, सुरी मांडीत खुपसली तर पाणी स्वच्छ. शेजारच्यांना एक तंगडी नेऊन दिली. त्या बाई म्हणाल्या, वहिनी आल्या वाटतं. म्हटलं, नाही, पण येतील रविवारी. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण तंगडी घेतली.

टेबलक्लॉथ शोधायला हिचं कपाट उघडलं. तिची बाजू बरीच रिकामी आहे. नुसते हँगर. साफसफाई करून ठेवली असेल जाण्याआधी, तिला सवय आहे. कपाट लगेच लावून टाकलं. टेबलक्लॉथ दुसरीकडे सापडला.

एक गोष्ट इथे लिहितो, इथे कोण वाचतंय. मी तिला अजून विचारलं नाही की कधी येणार. रोज फोनवर ओठांवर येतं, आणि मी दुसरंच काहीतरी विचारतो, मीठ कधी लावू, आदल्या दिवशी की सकाळी. ती सांगते. आदल्या दिवशी. मला भीती वाटते असं नाही. पण वाटते थोडी.

२३ मार्च, रविवार

क्रमाने लिहितो, नाहीतर काही कळणार नाही.

सगळं तयार होतं. कोंबडी काल मीठ लावून ठेवली होती. बटाटे सोललेले. बेल वाजली, ही आणि मेव्हणी दारात. स्वतःच्या घराची बेल वाजवली. म्हटलं, किल्ली विसरलीस का? ती म्हणाली, नाही, आहे. निळी साडी नेसली होती. बारीक झाली आहे, पण चेहरा बरा वाटला. मागोमाग लेक-जावई आले.

ट्रे आत सरकवायची वेळ झाली तशी ही सवयीने स्वयंपाकघरात आली आणि स्टूल शोधायला लागली. मी याच घटकेची आठवडाभर वाट बघत होतो. म्हटलं, थांब, गंमत बघ. ट्रे आत ठेवला, दार धरलं आणि सोडून दिलं. खट्. 'बघ. एवढीशी स्प्रिंग. आता तुला बसायला नको.'

तिने दार उघडलं. सोडलं. खट्. पुन्हा उघडलं. पुन्हा सोडलं. मला वाटलं होतं, हसेल. तिने विचारलं, किती वेळ लागला? मी फुशारकीने सांगितलं, अर्धा तासही नाही, चहासुद्धा गार झाला नव्हता. ती दारावर हात ठेवून उभी राहिली, तापलं तरी हात काढेना. शेवटी मीच बाजूला केला. डोळे भरून आले होते. मी म्हटलं, अगं, एवढं काय त्यात. मला मनातून फार आनंद झाला. मेव्हणी दाराशी उभी होती. ती म्हणाली, बैल गेला नि झोपा केला. आता यात बैल कोण ते मला कळलं नाही, आणि आज भांडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून गप्प बसलो.

मग पहिल्यांदाच आम्ही सगळे बाहेर बसलो आणि कोंबडी आत एकटी भाजत राहिली. ही खुर्चीच्या टोकावर बसली होती. हातांचं काय करावं ते तिला समजत नव्हतं, सारखी साडीची कड सारखी करायची. मी जावयाला म्हटलं, तुमच्या साहेबांची नक्कल करा. त्याने केली, पण नेहमीसारखी रंगली नाही. आम्ही हसलो. ही जावयाकडे बघत होती. म्हणाली, 'हे असं करता होय तुम्ही.' तो खाली बघायला लागला. लेक उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

चिकन उत्तम झालं होतं, हे सगळ्यांनी सांगितलं. मी कापलं, मी वाढलं. हिला छातीचा मऊ तुकडा दिला, कातडीसकट. ती सगळं जेवली. म्हणाली, 'छान झालंय. माझ्यापेक्षा छान.' ती खोटं बोलत नाही कधी.

ताटं उचलायच्या आधी मी म्हटलं, मग बॅग कधी आणायची? टॅक्सी सांगू का उद्या?

 ती म्हणाली, शांतपणे, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

'मी परत नाही यायची. खरं तर गेले तेव्हाच ठरवून गेले होते. पण या आठवड्यात तुम्ही रोज फोन करून मीठ विचारायचात, बटाटे विचारायचात, तेव्हा माझं मन डगमगलं होतं. आज येताना वाटत होतं, राहावं.'

मी म्हटलं, मग राहा की.

'अहो, इतकी वर्षं मला वाटायचं, ते दार दुरुस्त होण्यासारखंच नसेल. तुम्ही एवढे कारागीर. होण्यासारखं असतं तर केलंच असतं ना, असं मी मनाला समजावलं होतं. त्यावर दिवस काढले मी. आणि ते अर्ध्या तासाचं काम होतं.'

मी म्हटलं, अगं, पण झालं ना आता?

ती म्हणाली, 'हो, झालं.' आणि ताटं गोळा करायला लागली. लेकीने तिच्या हातातून ताटं काढून घेतली. किल्ली तिने टेबलावर ठेवली, मीठदाणीच्या शेजारी. मी जिन्यापर्यंत गेलो. मेव्हणी भराभर उतरली, ही सावकाश.

दुरुस्त नाही केलं तर चुकलं, केलं तर त्याहून चुकलं. माणसाने करायचं काय?

२४ मार्च, सोमवार

दुकान उघडलं नाही.

२७ मार्च, गुरुवार

लेक आली होती. भांडी तशीच पडली होती, ती तिने घासली. मी तिला म्हटलं, एका स्प्रिंगपायी संसार मोडतो का कुणाचा? लोकांना सांगितलं तर हसतील. ती म्हणाली, 'बाबा, स्प्रिंगसाठी नाही हो.' मग कशासाठी, मी विचारलं. मी दारू पीत नाही, कधी हात उगारला नाही, घरात काही कमी पडू दिलं नाही. तिने ओले हात पुसले, माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, आपण लहान मुलाच्या फिरवतो तसा, आणि गेली. सांगितलं काहीच नाही. घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि मला नाही, अशी काहीतरी गोष्ट आहे.

जाताना म्हणाली, आई आता मावशीकडेच राहणार. मावशीचा गुडघा बरा आहे ना, मी म्हटलं. ती म्हणाली, मावशीच्या गुडघ्याला काही झालंच नव्हतं.

ती गेल्यावर मी रडलो. मला ही हवी आहे. ती इथे होती तेव्हा हे कधी बोललो नाही, बोलायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. रविवारी तरी म्हणायला हवं होतं. मी टॅक्सीचं बोलत बसलो.

२ एप्रिल, बुधवार

दुकानात एक जोडपं ओव्हन घेऊन आलं. दार लागत नाही. मी म्हटलं, उद्या या. मग त्या बाईंकडे पाहिलं आणि म्हटलं, थांबा, बसा, आत्ताच करून देतो.

६ एप्रिल, रविवार

सकाळी पेचकस घेतला आणि आमच्या ओव्हनची नवी स्प्रिंग काढून टाकली. का, ते विचारू नये. जसं होतं तसं करून ठेवावंसं वाटलं. माळ्यावरून स्टूल उतरवलं. बैठकीला मध्यभागी खोलगट झिजलंय ते. माझ्या लक्षात आलं नव्हतं कधी.

चिकनवाल्याने आज ताईंचं विचारलं नाही, त्याला बहुतेक कळलंय. कोंबडी मात्र त्याच मापाची दिली. एकट्याला एवढी काय करायची, पण घेऊन आलो. मीठ काल लावायला हवं होतं ते राहिलं, आज लावलं. ट्रे आत सरकवला, दार लावलं, स्टूल टेकवलं आणि बसलो.

त्या स्टुलावरून समोरची भिंत दिसते आणि दाराची अर्धी चौकट. बाहेरचं टेबल दिसत नाही. मान कितीही वळवली तरी नाही. पाठ भाजत होती, ताठ बसून राहिलो. बटाट्यांचा वास यायला लागला होता.

मग शेजारी हसण्याचा आवाज आला. त्यांच्याकडे पाहुणे आले असावेत, बरीच माणसं होती. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे एकदम खो खो हसले, थांबले, पुन्हा हसले. कशाला हसतायत ते भिंतीतून कळेना. बाहेरच्या खिडकीपाशी गेलं की त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. जावंसं वाटलं, पण उठलो असतो तर दार उघडलं असतं, म्हणून बसून राहिलो.